निवृत्तीआधीचे तीस महिने : मराठवाड्यातील एका पास्टरेटमध्ये पुढचे सेवक घडवण्याचे प्रकरण

तालुक्याच्या गावात एक जुने चर्च, भोवतालच्या नऊ खेड्यांत नऊ मंडळ्या, एकूण २१२ कुटुंबे आणि या सगळ्यांना मिळून एक पाळक. त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत. एका पाळकाच्या देखरेखीखालच्या अशा मंडळ्यांच्या गटाला पास्टरेट म्हणतात. हे प्रकरण कुठल्या एका खऱ्या पास्टरेटचे नाही. बीड, जालना, परभणी या पट्ट्यात सेवकांच्या प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणी एका जागी आणून अभ्यासासाठी ते रचले आहे. कुटुंबांचे आणि पैशांचे आकडे त्या रचनेतले आहेत. कायदा, इतिहास, चर्चची घडण आणि ऊसतोडीचे वेळापत्रक मात्र जसे आहे तसे घेतले आहे.

रविवारचा हिशेब

सकाळी नऊला मुख्य चर्चमध्ये उपासना होते. दुपारनंतर पाळकसाहेब मोटारसायकलवर दोन खेडी करतात. नऊ खेडी आणि आठवड्याला दोन, म्हणजे एका खेड्याची पाळी साडेचार आठवड्यांनी येते. लग्नसराई, पावसाळ्यातले रस्ते आणि धर्मप्रांताच्या (बिशपच्या हाताखालच्या विभागाच्या) बैठका धरल्या की ती सहा-सात आठवड्यांवर जाते. मधल्या रविवारी तीन खेड्यांत मंडळीचे वडील (म्हणजे एल्डर, मंडळीतले जबाबदार ज्येष्ठ) गीत घेतात, शास्त्रपाठ वाचतात, प्रार्थना करतात. चार खेड्यांत माणसे जमली तर उपासना होते. उरलेल्या दोन ठिकाणी प्रार्थनागृहाला कुलूप असते आणि किल्ली कोणाकडे आहे हे विचारावे लागते.

पास्टरेट कमिटीने हा प्रश्न ‘नवा पाळक कधी मिळेल’ असा मांडला आणि धर्मप्रांताला पत्र लिहिले. पत्र लिहिणे बरोबरच होते. पण नव्या पाळकालाही रविवार एकच असणार आणि खेडी नऊच असणार, हे त्या बैठकीत कोणी बोलले नाही.

मराठवाड्यातल्या मंडळ्यांना देशी सेवकांचे वावडे कधीच नव्हते. १८४३ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनमधून ख्रिस्ती झालेले रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी पुढे जालन्याजवळ बेथेल वसवले. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेचे काम पारशी समाजातून आलेल्या रेव्ह. रतनजी नौरोजींनी वाढवले. १९७० मध्ये नागपुरात उत्तर भारत चर्च स्थापन झाले तेव्हा स्कॉटिश आणि अँग्लिकन हे दोन्ही प्रवाह एका छताखाली आले. त्याचा माग आजही एका पास्टरेटमध्ये दिसतो. एका खेड्यात पुस्तकातली उपासना अक्षर न चुकता हवी असते, शेजारच्या खेड्यात मोकळी प्रार्थना आणि भजन. शिकणाऱ्याला दोन्ही जमले नाही तर अर्धे लोक त्याला आपला मानत नाहीत.

आधी फसलेले दोन प्रयत्न

पहिल्या प्रयत्नात कमिटीने दोन तरुणांना शिफारसपत्र देऊन थेट सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या महाविद्यालयात, पाठवले. एक दुसऱ्या वर्षी परत आला. दुसऱ्याने पदवी घेतली आणि शहरात एका संस्थेत नोकरी धरली. गावात दोघांनाही नावे ठेवली गेली, आणि ते अन्यायाचे होते. जो परत आला त्याचे शिक्षण खेड्यातल्या मराठी शाळेत झाले होते. संदर्भाची पुस्तके बहुतेक इंग्रजीत, वर ग्रीक आणि हिब्रू. पहिल्या सहामाहीतच तो मागे पडला आणि लाजेने कोणाला बोलला नाही. दोन वर्षांत पास्टरेटमधून त्याला एकही पत्र गेले नाही. ज्याने नोकरी धरली त्याच्याकडून सुट्टीत नाताळची रोषणाई आणि खुर्च्यांची मांडणी करून घेतली गेली. आजाऱ्याच्या घरी त्याला कोणी नेले नाही. चार वर्षांत त्याच्या मनात खेड्यातल्या सेवेचे चित्रच तयार झाले नाही, मग तो परत कशाकडे येणार?

दुसरा प्रयत्न उलट्या टोकाचा. पाळकसाहेबांनी तरुण संघाला सांगितले, ‘महिन्याचा शेवटचा रविवार तुमचा.’ पहिल्याच रविवारी एका तरुणाने ४५ मिनिटांचा संदेश (प्रवचन) दिला. सगळा मोबाइलवर पाहिलेला, निम्मा हिंदीत, आणि विश्वास ठेवला तर कर्ज फिटेल, नोकरी लागेल अशा आश्वासनांनी भरलेला. पहिल्या बाकावर ज्यांचे सोयाबीन पावसात गेले होते असे दोघे बसले होते. त्यातले एक उठून बाहेर गेले. उपासना संपल्यावर पाळकसाहेब त्या तरुणाला व्हरांड्यात, सगळ्यांसमोर बोलले. जे बोलले ते खरे होते, जागा चुकली. तीन महिन्यांत तो आणखी चौघांना घेऊन तालुक्यातल्या एका स्वतंत्र सभेत जाऊ लागला.

या दोन्ही अपयशांचे मूळ एकच आहे असे आमचे मत आहे. काम सोपवले गेले, पण सोपवल्यानंतरचा तास कोणी दिला नाही. पाठवलेल्याला पत्र नाही, बोललेल्याला बसवून विचारणे नाही. बायबलमध्ये निर्गम १८ मध्ये मोशेचा सासरा इथ्रो मोशेला कामाची वाटणी करायला सांगतो तो भाग मंडळ्यांत नेहमी वाचला जातो. त्याच ठिकाणी तो ‘त्यांना मार्ग दाखव, काय करायचे ते शिकव’ या अर्थाचेही सांगतो. त्याकडे लक्ष कमी जाते.

निवड

तिसऱ्या वेळी ‘कोणाला यायचे आहे’ असे विचारलेच नाही. तीन महिने नुसते पाहिले. उपासनेआधी झाडायला कोण येतो. पाळक नसताना आजाऱ्याकडे कोण जातो. सहलीच्या वर्गणीचा हिशेब कोण चार दिवसांत आणून देतो. घरात भाऊबंदांशी बोलणे आहे का. गळा आणि वक्तृत्व मुद्दाम यादीत घेतले नाही, कारण ते आपोआप दिसतात आणि बाकीचे झाकून टाकतात.

सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होते : मंडळीच्या एका वडिलांच्या घरातला चोवीस वर्षांचा, बीकॉम झालेला, उत्तम पेटी वाजवणारा मुलगा. तीन महिन्यांच्या पाहणीत तो आजाऱ्याच्या घरी एकदाही दिसला नाही, पण हिशेब त्याचा पैशापैशाला जुळत होता. दुसरे नाव कोणाच्या यादीत नव्हते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला एकोणीस वर्षांचा मुलगा, बारावी झालेला, जो आपल्या गल्लीतल्या वाचता न येणाऱ्या बायकांना स्तोत्रे वाचून दाखवत असे. तिसरी, सहा वर्षे संडे स्कूल घेणारी, सत्तावीस वर्षांची ताई. चौथे, एका खेड्यातले एक्केचाळीस वर्षांचे शेतकरी वडील, जे आधीच पाळकाचे अर्धे काम करत होते आणि ज्यांना शिकवावे असे कोणाला सुचले नव्हते.

चौघांनाही सेमिनरीत पाठवायचे नव्हते. कोणाला कशासाठी तयार करायचे हे काम पाहून ठरवायचे होते.

कामाची चढण

सुरुवात वाचनापासून झाली. रविवारचा शास्त्रपाठ बुधवारी हातात द्यायचा. घरी तीनदा मोठ्याने वाचायचा, अवघड नावांखाली रेघ मारायची, शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये माईकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा वाचून दाखवायचा. वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून माईकशिवाय. हे सहा आठवडे चालले. तेवढ्यात कळते की कोण बुधवारीच पाठ उघडतो आणि कोण रविवारी सकाळी.

मग घरभेटी, बारा घरे. पहिल्या चार घरी शिकणाऱ्याने फक्त ऐकायचे. पुढच्या चार घरी शेवटची प्रार्थना त्याची. उरलेल्या चार घरी बोलणे त्याचे, पाळक गप्प. पाळकांना सर्वांत जड गेले ते हे गप्प बसणे. दहाव्या घरी एका आजीने पायाच्या दुखण्याचे सांगायला सुरुवात केली आणि शिकणाऱ्या मुलाने लगेच बायबलमधले वचन काढले. पाळक मध्ये बोलले नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी एवढेच विचारले, ‘आजीचा मुलगा कुठं असतो, ते कळलं का रे?’ कळले नव्हते. दुसऱ्या दिवशी शिकणारा मुलगा एकटाच परत गेला आणि तासभर बसून आला.

संदेशाला नियम घातले. दहा ते बारा मिनिटे, एकच परिच्छेद, एकच गोष्ट. रेघी वहीची तीन पाने लिहून शुक्रवारी द्यायची. मोबाइल पाळकपीठावर न्यायचा नाही. पहिल्या संदेशासाठी उपदेशाचा भाग न देता गोष्टीचा द्यावा. मार्क २ मध्ये चौघे जण पक्षाघाती माणसाला छप्पर उकरून खाली सोडतात, तो भाग इथे फार उपयोगी पडतो. ज्यांनी माळवदाचे घर पाहिले आहे त्यांना छप्पर उकरणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही : माती खाली बसलेल्यांच्या डोक्यावर पडते, घरमालक ओरडतो, आणि नंतर ते बुजवायचे कोणी हा प्रश्न उरतो. ताईने आपल्या संदेशात नेमका घरमालकाचा विचार मांडला. पुस्तकी मराठी सोडून ती घरच्या बोलीत बोलली आणि मागच्या रांगेतल्या बायका पुढे सरकून बसल्या.

सोमवारची बैठक

सगळ्या योजनेचा भार इथे आहे. दर सोमवारी संध्याकाळी ४० मिनिटे, पाळकांच्या घरी, दार लोटून. क्रम ठरलेला. आधी मंडळीतल्या दोन माणसांनी काय ऐकले ते. त्यासाठी पाळक रविवारीच एखाद्या बाईला आणि एखाद्या तरुणाला सहज विचारून ठेवत, ‘आज काय घेऊन चाललात घरी?’ मग शिकणारा सांगतो की त्याला काय म्हणायचे होते. या दोन्हींतले अंतर त्याला स्वतःलाच दिसते. त्यानंतर शास्त्रपाठात खरेच काय आहे ते उघडून पाहायचे. शेवटी पाळकांनी एकच दुरुस्ती सांगायची. दोन सांगितल्या तर पुढच्या वेळी दोन्ही राहतात, हा अनुभव शिकवणाऱ्या सगळ्यांचा आहे.

सातव्या महिन्यात या बैठका बंद पडल्या. कारण साधे होते : सोमवारी पाळकांना बँकेचे आणि कचेरीचे काम असे, ते थकून येत. दोन महिन्यांत परिणाम दिसला. संदेश पंचवीस मिनिटांवर गेले, लिहिलेली पाने येईनात. मग बैठक मंगळवारी सकाळी साडेसहाला नेली आणि महिन्यातली एक बैठक शेतकरी वडिलांनी घ्यायची ठरवले. नाव मात्र ‘सोमवारची बैठक’ हेच राहिले.

ऊसतोडीचे सहा महिने

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, मार्च-एप्रिलमध्ये परततात. घरच्यांनी मुकादमाकडून उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली असते, त्यामुळे चौघांतल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला मागे ठेवणे शक्य नव्हते. कमिटीत सूर निघाला की याचे प्रशिक्षण आता थांबले. पाळकांनी उलटे पाहिले. त्या टोळीत पास्टरेटची अकरा कुटुंबे होती, आणि आजवर त्या सहा महिन्यांत त्यांच्यासाठी काहीच केले गेले नव्हते.

फडात रविवार पाळला जात नाही. गाडी रात्रीही भरावी लागते. म्हणून वार सोडून दिला. ज्या दिवशी कारखान्याकडून गाड्या लांबतील त्या संध्याकाळी कोप्यांसमोर (मजुरांच्या झोपड्यांसमोर) वीस मिनिटे : एक गीत, एक स्तोत्र, आजाऱ्यांची नावे घेऊन प्रार्थना. गुरुवारी रात्री नऊला पाळकांचा फोन, पंधरा मिनिटे. जानेवारीत टोळीतल्या एका बाईला कोपीतच बाळंतपणाची वेळ आली. मुलाने आधी गाडी मिळवून तिला दवाखान्यात नेले, प्रार्थना वाटेत केली. त्या गुरुवारी फोनवर त्याने विचारले की आधी प्रार्थना करायला हवी होती का. या प्रश्नावर पाळकांनी जे पंधरा मिनिटे बोलणे केले ते सेवकाच्या प्रशिक्षणात वर्गातल्या एखाद्या महिन्याइतके मोलाचे आहे, असे आम्ही मानतो.

जिथे अधिकार लागतो

उत्साही शिकाऊ सेवकाकडून सर्वांत गंभीर चूक लग्नात होते. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ च्या कलम ५ मध्ये विवाह कोण लावू शकतो ते ठरवून दिले आहे. दीक्षा (पाळकपदाचा विधी) न झालेल्या आणि परवाना नसलेल्या माणसाने लग्न लावले तर कलम ६८ खाली दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पाळक अडकले, मुहूर्तावर पाहुणे बसले आहेत, ‘तूच प्रार्थना करून लाव रे बाबा’ असे म्हणतात, तेव्हा नाही म्हणण्याची तयारी आधी करून घ्यावी लागते. शिकाऊने गीत घ्यावे, शास्त्रपाठ वाचावा, पाळक येईपर्यंत लोकांना बसवून ठेवावे. प्रभुभोजनाचेही तसेच : ते दीक्षित पाळकच चालवू शकतात. म्हणून प्रत्येक खेड्याला प्रभुभोजनाच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीला लिहून दिल्या आणि बाकीचे रविवार इतरांवर सोपवले.

मयतीला हा अडसर नाही, पण तयारी जास्त लागते. तीन मयतींना सोबत गेल्याशिवाय एकट्याने चालवू द्यायचे नाही असे ठरले. रात्री निरोप आला की पहिली विचारपूस खड्डा कोण खणतो आणि दफनभूमीच्या वाटेची अडचण आहे का याची. मे महिन्यात कबरीपाशी दहा मिनिटांपेक्षा जास्त उभे करू नये. इतर धर्मांचे सोयरे आलेले असतात, तिथे वादाचा शब्द नको. आणि नोंदवहीत त्याच आठवड्यात नोंद. बाप्तिस्मा, विवाह, दफन या तिन्ही वह्या चौघांना भरायला शिकवल्या, कारण पुढे शाळेत, कोर्टात आणि वारसा लावताना लोक त्याच मागायला येतात.

दाखल्याचा प्रश्न

ऊसतोडीच्या घरातल्या मुलाचे नाव पुढे सेमिनरीसाठी पाठवायची वेळ आली तेव्हा त्याच्या वडिलांनी विचारले, ‘पोरगं पाळक झालं, तर धाकट्याच्या दाखल्याचं काय?’ दाखला म्हणजे अनुसूचित जातीचा दाखला. हा प्रश्न अनेक घरांत असतो आणि चर्चमध्ये तो दबक्या आवाजात विचारला जातो. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा आधी हिंदूंपुरता होता, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो मिळत नाही. आम्हाला ही स्थिती अन्यायाची वाटते, पण म्हणून ती झाकून ठेवून मुलाला दीक्षेपर्यंत नेणे हा दुसरा अन्याय होईल. पाळकांनी त्या घरी तीन बैठका घेतल्या. एकीकडे हिंदू, दुसरीकडे ख्रिस्ती अशी दोन तऱ्हेची कागदपत्रे बाळगून सेवा करता येणार नाही हे स्पष्ट सांगितले, माहितगार वकिलाकडे सोबत गेले, आणि ‘हो’ म्हणायला चार महिने दिले. या चार महिन्यांत मुलाला एकही नवे काम दिले नाही, म्हणजे कामाच्या भिडेने त्याने होकार देऊ नये.

पैसा

आधी दर घरी महिन्याला ५० रुपये ठरवले. २१२ घरांचे १०,६०० व्हायला हवे होते, येत ४,००० च्या आसपास. लोक कंजूष नव्हते. इथे रोख पैसा महिन्याने येत नाही, हंगामाने येतो. मग वर्षातून दोनदा ३०० रुपये ठरवले : एकदा सोयाबीन विकल्यावर कापणीच्या सणाला, एकदा टोळ्या परतल्यावर. १५० घरांनी दिले, वर्षाचे ९०,००० झाले. मोजायला दोघे, सही दोघांची, पैसे तीन दिवसांत बँकेत. हे काम बीकॉम झालेल्या मुलाकडे गेले आणि त्याने ते इतके नीट केले की पुढे तो पास्टरेटचा खजिनदार झाला. त्याला सेमिनरीत न पाठवल्याचा त्याच्या घरच्यांना सहा महिने राग होता. पाळकांनी तो राग ऐकून घेतला, निर्णय बदलला नाही.

तिसाव्या महिन्यात

ऊसतोडीच्या घरातला मुलगा बीटीएचसाठी (धर्मशास्त्राच्या पदवीसाठी) पुण्याला गेला. यावेळी जाण्याआधी एक वर्ष त्याने रोज एक पान इंग्रजी वाचून त्याचा मराठीत सारांश लिहिला होता. महिन्याला एक पत्र कोणी लिहायचे त्याची बारा घरांत पाळी लावली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो कुलूप असलेल्या दोन खेड्यांत राहणार आहे. शेतकरी वडील आता तीन खेड्यांचे रविवार पाहतात.

ताईबद्दल कमिटी बराच काळ अडली. उत्तर भारत चर्चमध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते, तरी तिचे नाव ‘लग्न होऊन जाईल’ म्हणून मागे ठेवले गेले. तिने घरी राहून सेरामपूर सिनेट या धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या संस्थेचा ख्रिस्ती अभ्यासाचा बाह्य अभ्यासक्रम सुरू केला आहे. घरभेटींत ज्या गोष्टी बायका पाळकांना सांगत नाहीत त्या तिच्यापर्यंत येतात. कमिटीने तिचे नाव धर्मप्रांताकडे या वर्षी तरी पाठवावे, उशीर झाला आहे.

बीटीएचला चार वर्षे लागतात, त्यानंतर दीक्षा, आधी डीकन (पाळकाच्या खालचे पद) आणि मग पाळक. पाळकसाहेब सहा महिन्यांत निवृत्त होतील. मध्ये साडेतीन वर्षांहून मोठी फट आहे आणि नवे पाळक कोण येतील ते धर्मप्रांत ठरवेल. म्हणून कमिटीने तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घेतल्या : खेड्यांच्या रविवारची वाटणी, पत्रांची पाळी, आणि सोमवारची बैठक. जुन्या पाळकांनी चौघांबद्दल लिहिलेल्या वह्या नव्या पाळकांच्या हाती द्यायच्या आहेत. त्यांची दुसरी प्रत शेतकरी वडिलांकडे राहील, आणि नवे पाळक रुजू होईपर्यंत मंगळवारी सकाळी साडेसहाला दार तेच उघडतील.